पथ्य दोन महिन्यांत का मोडते?

मुठा गावच्या आमच्या वस्तीत एका घराच्या भिंतीवर वर्षभरापासून एक कागद चिकटवलेला आहे. त्या घरातल्या काकांना हृदयविकाराचा झटका आला, पुण्याला नेले, स्टेंट बसवला आणि घरी पाठवताना आहाराचा छापील कागद हातात दिला. सकाळी ओट्स आणि साय काढलेले दूध, अकरा वाजता सफरचंद, दुपारी दोन फुलके, वाफवलेली भाजी, सॅलड, रात्री पुन्हा तेच. स्वयंपाकाला ऑलिव्ह तेल. मांसाहार बंद. काकूंनी तो कागद कॅलेंडरशेजारी जपून लावला. पहिले पंधरा दिवस काकांचे ताट वेगळे वाढले. महिन्याने सफरचंद बंद झाले, ते परवडणारे नव्हतेच. ओट्सचा डबा संपला तो पुन्हा आला नाही. दोन महिन्यांनी काका कंपनीत परत रुजू झाले, दुसरी पाळी लागली आणि रात्री सुटल्यावर पिरंगुटला वडापाव खाऊन घरी येऊ लागले.

काकांना नावे ठेवणे सोपे आहे. "जिभेवर ताबा नाही," असे नातेवाईक म्हणालेही. पण आम्ही आजूबाजूला विचारले तेव्हा कळले की झटका आलेल्या, रक्तदाबाच्या, साखरेच्या बहुतेक माणसांची गोष्ट हीच आहे. काय खावे हे सगळ्यांना साधारण माहीत असते. दोन महिने पाळलेही जाते. मग मोडते. एकाच ठिकाणी इतकी माणसे अडखळत असतील तर दोष माणसांचा कमी आणि वाटेचा जास्त, असे आम्हाला वाटते. म्हणून या वेळी काय खावे यापेक्षा पथ्य टिकावे कसे, यावर जास्त लिहीत आहोत.

आधी आजार समजून घेऊ

हृदय हा स्नायू आहे. त्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या त्याच्याच अंगावरून जातात आणि त्या साधारण बॉलपेनच्या रिफिलएवढ्या जाड असतात. या वाहिन्यांच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षे चरबी साचत जाते. नळात कचरा अडकावा तशी ती अडकत नाही, अस्तराच्या आत गळवासारखी भरते. रक्तदाब वाढलेला असेल, तंबाखू-मिश्री चालू असेल, रक्तात साखर जास्त असेल, तर अस्तर आधीच दुखावलेले असते आणि चरबी लवकर शिरते. एक दिवस ते गळू फुटते, त्या जागी रक्त गोठते, वाट बंद होते. हाच झटका. स्टेंट म्हणजे बंद झालेली जागा उघडी ठेवणारी जाळी. ती त्या एका जागेपुरती असते. बाकीच्या वाहिन्या त्याच, रक्तही तेच. स्टेंट बसला म्हणजे आजार गेला, ही समजूत आपल्याकडे फार पसरली आहे आणि पथ्य सुटण्याचे ते एक मोठे कारण आहे.

दुसरी समजूत अशी की हा जाड्या माणसांचा, खात्यापित्या घरांचा आजार आहे. आमचे काका तर सडपातळ. याबाबत आपल्या पुण्यातच महत्त्वाचे काम झाले आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बाया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी 2.7 किलोच्या आसपास होते. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. आपली बाळे स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी बरीच लहान होती, पण कातडीखालच्या चरबीत त्यांच्या जवळपास होती. म्हणजे दिसायला बारीक, आतून चरबी राखून. पिढ्यान् पिढ्या आईच्या पोटाला पुरेसे मिळाले नाही, त्याची खूण बाळाच्या अंगावर उमटते. अशा शरीराला पुढे भरपूर तेल, साखर आणि बसून काम मिळाले की मधुमेह आणि हृदयरोग लवकर गाठतात. ज्यांच्या आजी-पणजीने उपास सोसला, त्या आपल्या वस्त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. तेव्हा वजनकाट्यावर विसंबू नका, कंबर मोजा. बेंबीच्या रेषेत पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरच्या वर आणि बायांची 80 च्या वर असेल, तर माणूस सडपातळ दिसत असला तरी रक्त तपासून घ्यावे.

आजार लपवण्याचीही आपल्याकडे सवय आहे. बाबासाहेबांना मधुमेह होता, रक्तदाब होता, पायांच्या नसांचे दुखणे होते. 1948 साली त्यांचा विवाह झाला तो डॉ. शारदा कबीर यांच्याशी, ज्यांना आपण माईसाहेब म्हणतो. खाणे, औषध, इन्शुलिन याकडे घरात डॉक्टरचे लक्ष होते. अशा शरीराने त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहून पूर्ण केला. कामावरून काढतील किंवा मुलीच्या सोयरिकीत अडचण येईल म्हणून गोळ्या उशीखाली लपवून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

कागद कोणत्या स्वयंपाकघरासाठी छापला होता?

काकांच्या कागदावरचे शास्त्र चुकीचे नव्हते. पण तो कागद दुसऱ्याच कुणाच्या ओट्यासमोर उभे राहून लिहिला होता. मुठा खोऱ्यात भात पिकतो, डोंगरउतारावर नाचणी आणि वरई होते, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी रानात फुकट उगवते. त्या कागदावर यातले काहीच नव्हते. ओट्सचे जे काम, ते नाचणी-ज्वारीची भाकरी आणि सालासकट कडधान्य करते. सफरचंदाचे काम पेरू करतो, आवळा करतो. ऑलिव्ह तेलाची तर गरजच नाही. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, मोहरी यांतले जे मिळेल ते, मोजून घातले तर पुरे. पामतेल मात्र जमेल तितके टाळावे. त्यातली जवळपास निम्मी चरबी हवाबंद डब्यातल्या तुपासारखी गोठणारी असते आणि तीच रक्तात वाईट कोलेस्टेरॉल वाढवते. सुटे फरसाण, खारी, टोस्ट, क्रीमची बिस्किटे यांत बहुधा हेच तेल किंवा वनस्पती तूप असते.

आणि ती शेवटची ओळ, मांसाहार बंद. आपल्या घरांत ही ओळ नुसती औषधाची म्हणून ऐकली जात नाही. आपल्या ताटात काय आहे यावरून ज्यांनी आपल्याला पिढ्यान् पिढ्या दूर बसवले, त्यांचा आवाज त्यात ऐकू येतो. डॉक्टरांच्या मनात तसे काही नसेल, पण ऐकणाऱ्याचे काय? काका म्हणाले, "आता म्हातारपणी यांच्यासारखं व्हायचं का?" आणि एक ओळ पटली नाही म्हणून त्यांनी कागदच मनातून काढून टाकला. 2015 च्या मार्चमध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाल्यावर अनेक घरांच्या ताटातले स्वस्त मांस आधीच गेले होते, तो राग निराळा.

खरी गोष्ट अशी आहे की हृदयाच्या माणसाने मांसाहार पूर्ण सोडलाच पाहिजे असे नाही. मासे चालतात, चांगलेच असतात, तळलेले नकोत. कातडे काढलेली कोंबडी चालते. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर दिवसाला एक अंडे चालते. मटण पंधरा दिवसांतून एकदा, चरबी काढून, दोन-तीन फोडी. वजरी, भेजा, कलेजी सणावारापुरती. रश्श्यावर येणारी तर्री मात्र काढून टाकावी. रस्सा थोडा निवू द्यावा, वर जमलेले तेल पळीने उचलावे. तर्री ही झणझणीतपणाची खूण मानली जाते, पण झणका मिरची-मसाल्याचा असतो. उलट पुरी, साजूक तुपातली मिठाई, तळलेले फरसाण हे सगळे शाकाहारीच आहे आणि हृदयाला घातक आहे. शाकाहार म्हणजे पथ्य, हा हिशेब चुकीचा आहे.

शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग घरांचे खाणे लिहून ठेवले आहे. त्या स्वयंपाकघरात तेल, तूप, दूध फार क्वचित असे. ती गरिबी होती, तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण आपली जीभ मुळात तेलावर वाढलेली नाही, एवढे त्यातून दिसते. कढईभर तेल ही आपल्या घरांत गेल्या एक-दोन पिढ्यांत आलेली चैन आहे. चार पैसे आले, पाहुण्याला चांगले वाढावेसे वाटले, आणि चांगले म्हणजे तेलकट असे होऊन बसले.

आता मोजमाप. वाटी-चमच्याचा हिशेब रोज कुणी ठेवत नाही, म्हणून आम्ही पिशवीचा हिशेब सांगतो. स्वयंपाकाचे तेल माणशी दिवसाला 20 ग्रॅमच्या आसपास असावे. चार माणसांच्या घरात तेलाची एक लिटरची पिशवी अकरा दिवस गेली पाहिजे, महिन्याला साधारण पावणेतीन पिशव्या. मीठ माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात सरासरी 8 ग्रॅमच्या आसपास खाल्ले जाते. चार माणसांच्या घरात मिठाचा एक किलोचा पुडा पन्नास दिवस टिकला पाहिजे. पुडा आणला की त्यावर पेनाने तारीख टाका. महिन्यातच संपला, तर कुठे चालले आहे ते शोधा. आणि बाहेरच्या फरसाण-वड्यातून पोटात जाते ते या हिशेबात धरलेलेच नाही.

आमच्याकडे शोधल्यावर सापडलेली ठिकाणे अशी: भाताच्या पाण्यात टाकलेले मीठ, भाकरीच्या पिठातले मीठ, ताटात वरून घेतलेली चिमूट, पापड, लोणचे आणि सुके बोंबील. सुकट-बोंबील कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, ते पाणी फेकून, पुन्हा धुऊन घेतले की बराच खारटपणा जातो. मग कालवणात वरून मीठ घालू नये. भाताला आणि भाकरीला मीठ लागतच नाही. आठ दिवस अळणी वाटते, तीन-चार आठवड्यांत जीभ सवय करून घेते आणि मग हॉटेलातले खारट लागू लागते. चिंच, कोकम, लिंबू, लसूण, हिरवी मिरची यांचा हात सैल सोडला तर हे दिवस सोपे जातात. बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळते, ते रक्तदाबाला चांगले. पण त्यात पोटॅशियम असते. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

साखरेचे थोडक्यात. दिवसाला चार कप चहा, कपात दोन चमचे, म्हणजे 40 ग्रॅम साखर तिथेच झाली. 25 ग्रॅमच्या आत राहायचे तर कप दोन करा किंवा चमचा एक करा. गूळ घातला म्हणजे साखर टळली, असे होत नाही.

राजा पसेनदी आणि सुदस्सन

आता मुख्य मुद्दा, हे टिकवायचे कसे. संयुत्त निकायातल्या कोसल संयुत्तात एक प्रसंग आहे. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात आणि त्यावर कालवणे असे जेवत असे. एकदा असाच जेवून तो धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी त्याला रागावले नाही, उपासही सांगितला नाही. जो सजग राहून मिळालेल्या अन्नातले प्रमाण ओळखतो, त्याच्या वेदना कमी होतात आणि त्याचे आयुष्य जपले जाते, अशा अर्थाची एक गाथा त्यांनी म्हटली. अन्नाचे प्रमाण ओळखणे याला धम्मात मत्तञ्ञुता म्हणतात.

इथवरची गोष्ट प्रवचनांत ऐकायला मिळते. आम्हाला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. राजाने असे म्हटले नाही की आता मला कळले, मी उद्यापासून कमी जेवेन. त्याला स्वतःचा भरवसा नसावा. मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला सांगितले, ही गाथा पाठ कर आणि माझे ताट वाढले जाईल तेव्हा रोज म्हण. त्यासाठी रोजचे शंभर कहापण देऊ केले. सुदस्सन रोज जेवणाच्या वेळी गाथा म्हणत राहिला आणि राजा हळूहळू, क्रमाक्रमाने, द्रोणावरून नाळीभर भातावर आला. मग अंग हलके झाले तेव्हा हात फिरवून तो आनंदाने बोलला.

एवढ्याशा प्रसंगात तीन गोष्टी आहेत. सल्ला साधा होता आणि राजाच्याच ताटातला होता, त्याच भाताचा. बदल एका दिवसात केला नाही. आणि आठवण करून देणारा माणूस नेमला होता, तोही जेवणाच्या वेळी हजर असणारा. काकांच्या बाबतीत यातले एकही नव्हते. पदार्थ परके, सगळे एकदम बदलायचे आणि आठवण द्यायला भिंतीवरचा कागद, जो चार दिवसांनी दिसेनासा होतो.

म्हणून आम्ही सुचवतो की घरात एक सुदस्सन नेमा. शक्यतो मूल. दहा-बारा वर्षांच्या नातीने "आजोबा, वरून मीठ नाही" म्हटलेले आजोबा ऐकतात, बायकोने म्हटले की ताट सरकवतात. हा आमचा अनुभव आहे, तो योग्य आहे असे आम्ही म्हणत नाही. आणि एका महिन्यात एकच गोष्ट बदला. पहिल्या महिन्यात वरचे मीठ आणि पापड-लोणचे. दुसऱ्या महिन्यात तेलाची पिशवी अकरा दिवसांवर. तिसऱ्यात चहाची साखर. एखाद्या लग्नात मोडले तर मोडले, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरू. लग्नातल्या एका जेवणाने वाहिनी बंद होत नाही. "मोडलंच आहे तर आता खाऊन घेऊ," असे म्हणत जे पुढचे चार महिने जातात, त्यांनी होते.

एक गोष्ट बायांच्या बाजूने सांगायला हवी. पथ्य पुरुषाचे आणि कष्ट बाईचे, असे बहुतेक घरांत चालते. एक भाजी घरासाठी, एक त्यांच्यासाठी. सकाळी शेतावर किंवा कामाला जाणारी बाई दोन स्वयंपाक किती दिवस करील? दीड-दोन महिने. आम्ही हिशेब केला तर ज्या घरांत पथ्य मोडले, त्यांतल्या बहुतेक घरांत ते याच ठिकाणी मोडले होते. तेव्हा ताट वेगळे वाढणे बंद करावे. कमी तेल, कमी मीठ हे आजाऱ्याचे जेवण नाही, सगळ्या घराचे जेवण आहे. ज्याला जास्त तिखट-मीठ हवे त्याने ठेचा वेगळा घ्यावा. आणि त्या बाईचाही रक्तदाब मोजावा. नवऱ्याला दवाखान्यात नेणाऱ्या कितीतरी बायांचा रक्तदाब आजवर कुणी मोजलेला नसतो. झटक्यात बायांना छातीत कळ येईलच असे नाही. दम लागणे, घाम, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणे, कमालीचा थकवा यावरच भागते आणि पित्त म्हणून सोडून दिले जाते.

एका ताटाची गोष्ट नाही

घर एक झाले तरी वस्ती उरतेच. काकांनी घरात मीठ सोडले, पण तेराव्याला, बारशाला, जयंतीला पंगत आहे. शनिवार-रविवारी टेमघर धरण आणि लवासाकडे पुण्याच्या गाड्या जातात, रस्त्याला भजी आणि वडापावच्या टपऱ्या लागतात, त्यांतल्या काही आपल्याच पोरांच्या आहेत.

आपल्या समाजाने ताट सगळ्यांनी मिळून बदललेले आहे. 19 आणि 20 मार्च 1927 ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्यामुळे ती सगळ्यांना माहीत आहे. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि दारोदारचे शिळे-उष्टे तुकडे सोडायला सांगितले होते. दुसरे काही पोटभर मिळेल याची खात्री नसताना गावोगावच्या लोकांनी ते सोडले. एकट्यादुकट्याने सोडले असते तर टिकले नसते. शेजारीही खात नाही, सोयराही खात नाही, म्हणून टिकले. ती गोष्ट माणुसकीच्या हक्काची होती, मिठा-तेलाशी तिची बरोबरी आम्ही करत नाही. आजाऱ्याला तशी शपथ घालून लाजवणे तर मुळीच नको. पण खाण्याची सवय माणसे मिळून बदलतात, एवढे त्यातून घ्यावे.

युरोपात फिनलंड देशाच्या नॉर्थ करेलिया भागात असेच झाले. लाकूडतोड आणि छोटी शेती करणारे लोक, खाण्यात लोणी, डुकराची चरबी, मीठ. ऐन कमावत्या वयातले पुरुष हृदयविकाराने जात होते. 1971 मध्ये तिथल्या लोकांनीच सरकारकडे अर्ज केला आणि 1972 पासून काम सुरू झाले. डॉक्टरांनी नुसती पत्रके वाटली नाहीत. मार्था नावाची गृहिणींची जुनी संघटना आहे, तिच्या बाया गावोगाव एकत्र स्वयंपाक करून दाखवत आणि जेवू घालत. पदार्थ तिथलेच, चरबी कमी, भाजी जास्त. पुढे गावागावांत कोलेस्टेरॉल कमी करण्याच्या स्पर्धा लागल्या. धूम्रपानही कमी झाले, रक्तदाबाचे उपचार वाढले. पंचवीस वर्षांत 35 ते 64 वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे 73 टक्क्यांनी घटले.

आपल्याकडे महिला मंडळ आहे, विहार आहे आणि वर्षावासाचे तीन महिने आहेत. आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत वस्ती रोज ग्रंथवाचनाला जमते. तीन महिने आणि वर सांगितलेले तीन बदल, हिशेब जुळतो. वाचनानंतर चहा-खारीऐवजी भिजवलेले हरभरे किंवा उकडलेल्या शेंगा ठेवता येतील. खीरदानाची खीर बंद करायची नाही, वाटी लहान करायची. जयंतीच्या जेवणात पुरी-भाजीऐवजी भाकरी आणि कडधान्याची उसळ केली तर खर्चही कमी येतो. पंगतीत तर्री वेगळ्या भांड्यात ठेवावी, ज्याला हवी त्याने मागून घ्यावी. पाचवे शील पाळले तर दारू सुटतेच आणि रक्तदाबही उतरतो. तंबाखू, मिश्री, गुटखा हेही त्याच खात्यात धरावे असे आमचे मत आहे. कारण दुसरे सगळे पथ्य पाळून तंबाखू चालू ठेवली तर फायद्यातला मोठा वाटा ती खाऊन टाकते.

एक धोक्याची सूचना. पथ्य चांगले चालले आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉल खाली आले की काही जण गोळ्या बंद करतात. असे करू नये. आकडे खाली आले ते पथ्य आणि गोळी या दोघांमुळे. स्टेंट बसवलेल्या माणसाने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनाने थांबवल्या तर स्टेंटमध्ये रक्त गोठून पुन्हा झटका येऊ शकतो. गोळ्यांचा खर्च झेपत नसेल तर तसे डॉक्टरांना सांगा. रक्तदाब आणि मधुमेहाची नेहमीची औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. मोठ्या उपचारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिच्यासाठी रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत जुन्या रिपोर्टांसोबत ठेवावे. छातीत दाब आला, घाम फुटला, दम लागला, तर घरगुती उपाय करत बसू नये. 108 ला फोन लावावा, गाडी यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. आपल्या खोऱ्यातून पुण्याचा रस्ता लांबचा आहे आणि हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासावी, आशाताईंना विचारले तर उपकेंद्रात कधी यायचे ते सांगतात. आमच्या विहारात मशीन आणायचे घाटत आहे, तेव्हा आतापासूनच सांगून ठेवतो. मोजायला येण्याआधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नको. आल्यावर पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीला लावून शांत बसावे. हात छातीच्या उंचीवर ठेवावा आणि मोजताना बोलू नये. आकडा 140 आणि 90 च्या वर आला तर घाबरून जाऊ नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावा. पुन्हा तसाच आला तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.